चारशे बारावी वेळ

ग्दान्स्क, जानेवारी. चार वाजताच अंधार.
तिसऱ्या मजल्यावर वात्स्वाव वायर उपटतो.
पगार त्याचाच मिळतो त्याला:
यंत्र लिहीत असताना मधेच वीज तोडायची
आणि बघायचं, काय उरलं.

ही नवी स्मृती अंधारातही विसरत नाही.
एकेक बाइट सुटा घेते,
सोपोतच्या वाळूत पोरं
अंबरचा एकेक खडा वेचतात तसा.

पण ऑपरेटिंग सिस्टीमची खोड जुनी,
फिरत्या तबकड्यांच्या काळातली.
सुटं घेत नाही ती.
पाचशे बारा द्या, नाहीतर चार हजार शहाण्णव.
एक स्वल्पविराम बदलायचा तरी
अख्खा ठोकळा उचल, अख्खा ठेव.

"आणि पाचशे वीस?"
यागना नवी आहे, अजून विचारते.
पाचशे बारा मजकुराचे, पोरी,
वरचे आठ साक्षीला.
कालपर्यंत हे माप आमच्या दारातून आत येत नव्हतं.
आता येतं.
"एवढ्यासाठी तीन आठवडे?"
एवढ्यासाठी.

पहिल्याच वर्षी एक फाटका ठोकळा सापडला होता आम्हाला:
वरचा अर्धा नवा, खालचा जुना,
शिवण कुठे दिसेना.
नाव एका बाईचं, रक्तगट दुसऱ्याच पुरुषाचा.
चाचणीतली खोटी माणसं ती,
कोणाचा केस वाकडा झाला नाही.
वात्स्वाव तरी त्या दिवशी डबा न उघडता घरी गेला.

तेव्हापासून नवं आधी मोकळ्या जागी लिहितो.
शेवटचा बाइट उतरला
की मगच दारावरची पाटी बदलायची.
मधेच दिवे गेले
तर जुनी पाटी, जुनं घर,
आतली भांडीसुद्धा जागच्या जागी.

उपटली.
पंखे घरंगळत थांबले.
खिडकीबाहेर ट्रामची घंटा, तेवढीच.
यागना ओठांत दहापर्यंत मोजते.
वायर पुन्हा आत. पडदा उजळतो.
पाचशे वीस. जुनेच, पण सगळे.

वात्स्वाव कशावर विश्वास ठेवत नाही,
निकाल वहीत पेनानेच लिहितो.
"चारशे बा" इथवर आला
आणि शाई संपली.

त्याने पेन झटकलं, माझ्याकडे बघितलं,
माझं पेन घेतलं,
आणि ते अर्धं तसंच राहू देऊन
खालच्या कोऱ्या ओळीवर
पहिल्यापासून लिहिलं: चारशे बारा.
मग वरचं खोडलं.