मुदाची पाठ

जुलैत कान्युएलासला दंव पडतं,
गवत बुटांखाली काचेसारखं मोडतं,
आणि तबेल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
एवारिस्तोसाहेब कोपरांवर ओणवे,
फळीसारखं ताठ राहायच्या खटपटीत
थरथरतायत.

सोयाबीनच्या सौद्यात
कुणापुढे वाकली नाही ती कंबर,
चाळीस सेकंदांत झोळी होते.
देल्मिरा म्हणते, वर. अजून वर.
बेंबीचा देठ आत ओढा, मणक्याला बांधा.
आणि श्वास कोंडू नका,
त्यावर व्याज मिळत नाही.

मी दारात उभा,
भोपळ्यातून कडू यर्बा ओढत.
हसत नाही. पगार असतो महिन्याला.

ही बाई रोसारिओची. तरुणपणी नदीत वल्ही मारायची,
आता साठीला आली तरी
पाठमोरी बघावी तर दोर वळलेला.
पहिल्या दिवशी साहेबांनी तिला
मनगटावरचं घड्याळ दाखवलं,
ठोके, पावलं, झोप, सगळं त्यात.
तिने मान हलवली आणि सरळ माझ्याकडे आली:
घोडी दाखव.

घोडीचं नाव मुदा. म्हणजे मुकी.
मी खोगिराच्या मागे तळवा टेकवला,
उजवीकडे, शेवटच्या बरगडीपलीकडे.
तिथे भट्टीतल्या पावासारखं ऊन.
जरा दाबलं तर कातडी शहारली, कान मागे गेले.

किती दिवस?
दोन हंगाम, मी म्हणालो.
कुणी विचारलं नव्हतं.

मग ती उकिडवी बसली
आणि काडीने धुळीत स्वार काढला, मागून दिसतो तसा:
चेंडू उजवीकडे, म्हणून सगळा माणूस उजवीकडे लोंबलेला,
वर यायला लगामाचा आधार,
आणि वर आला की धप्प.
पोट झोपलं की बूड आपटतं, ती म्हणाली,
आणि पावती हिच्या पाठीवर फाटते.

तेव्हापासून रोज सकाळी
जाळीच्या पिंजऱ्यातला लाकडी घोडा.
लाकडाची पाठ दुखत नाही.
साहेब रिकिबीत उभे, डावा हात पाठीमागे बांधलेला,
लगाम नाहीच,
गुडघ्यांत मांड, मांडीत मांड,
वेताची काठी मागून पुढे फिरते
आणि चेंडू उतारावरून परत येतो,
परत येतो,
परत.
खांद्याने नका मारू!
खांदा नुसता टपालवाला आहे, पत्र खालून येतं!
ऑगस्टात एकदा ते शिव्या देत उतरले आणि गोठणीवर ओकले.
दुसऱ्या दिवशी मात्र आले. तेवढं मानलं मी.

त्याच सुमारास एका संध्याकाळी,
मी लसूणघासाचे भारे रचत असताना,
ती जाता जाता थांबली:
आणि तुझी पाठ कोण दाबून बघतं, निकानोर?
मी हसलो.
बावीस वर्षं मी भारे उचलतोय,
कुणी मोजले नाहीत, मीही नाही.
ती काही बोलली नाही,
गाडी सुरू करून निघून गेली.

नोव्हेंबरचा सामना आम्ही दोन गोलांनी हरलो.
शेवटच्या चक्करला मुदा त्यांच्याखाली होती.
पलीकडच्या पोराने खांद्याला खांदा भिडवून रेटलं,
साहेब बाहेर झुकले, पार गवतापर्यंत,
आणि परत आले
लगाम न ओढता,
कुणीतरी दार हळूच लावावं तसे.
चेंडू चुकला तो वेगळा.

नळीखाली तिच्या अंगातून वाफा निघत होत्या.
मी तळवा ठेवला. दाबला.
ती चघळत राहिली.
कसा खेळलो? साहेबांनी विचारलं,
टोपी काढून, केस कपाळाला चिकटलेले.
हरलात, मी म्हणालो. पण पाठ थंड आहे.
ते बराच वेळ तिथेच उभे राहिले.

रात्रीचा चारा राहिला होता.
मी भाऱ्यापाशी गेलो, वाकायच्या आधी थांबलो,
इकडेतिकडे पाहिलं,
आणि दुसऱ्याला शिकवलेलं चोरून ऐकलं होतं तसा
बेंबीचा देठ
आत ओढला.