तीन बोटं खाच

प्रॅट स्ट्रीट जिथे हॉवर्ड स्ट्रीटला कापतो
तिथे रुळाच्या कुशीला तीन बोटं रुंद खाच आहे.
बावीस वर्षं मी ती खरवडते:
खेकड्यांची कवचं, बिअरची बुचं, कुजका पाला,
हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ,
एकदा तर कुणाची तरी कवळी.
खाच मोकळी, तर ट्राम सरळ.
माझं शास्त्र एवढंच.

आणि शुक्रवारी रात्री साहेब म्हणतात,
मार्व्हेला, बुजव.

बुजवली.
काळ्या रबराच्या पट्ट्या, हात हात लांब,
हट्टी बुटात पाय कोंबावा तशा
घणाने ठोकून बसवल्या, मी आणि ओझेल पिंकनीने.
पहाटे पाठ माझी राहिली नव्हती.
बंदरावरून खारा वारा येत होता.
हॉटेलांच्या दारांपुढे काँक्रीटच्या भिंती,
आणि ज्या सिग्नलला मी रोज थांबते
तो सिग्नलच काढून फुटपाथवर आडवा निजवलेला.

शनिवारी पहिली गाडी आली.
दिसण्याआधी माझ्या दातांत आली.
रुळांवर चढली आणि चारही चाकं सुटली,
तिच्या पोटाखालून पलीकडचं ऊन दिसलं,
मग धप्प, मग ठिणग्या.
लोक हरखून ओरडले.
मी ओरडले ते वेगळं: अगं, माझा रूळ!

दुपारी त्यांनी टायर रचून वाट वाकडी केली
वेग मोडावा म्हणून.

रविवारी मी भिंतीमागे, उपड्या बादलीवर,
मांडीवर पहार.
भिंत माझ्याहून उंच, त्यामुळे शर्यत मी कानांनीच पाहिली.
रूळ चार, गाडीचे आस दोन:
एका गाडीचे आठ ठोके, एका शिंकेत.
आठ. आठ. आठ.
एकतिसाव्या फेरीला नऊ.

झेंडेवाल्या पोराला म्हटलं, पट्टी उठतेय.
ओहायोचा, नाकावर वांगाचे ठिपके.
म्हणाला, इंजिनाचा आवाज असेल, मॅडम.
बाळा, इंजिनाचं तू बघ,
लोखंडाचं मला विचार.

पुढच्या फेरीला पट्टी डिवचल्या नागासारखी उभी राहिली
आणि सतरा नंबरच्या गाडीचं नाक घेऊन गेली.

पिवळे झेंडे.
गाड्या शाळेतल्या पोरांसारख्या रांगेत.
दोन फेऱ्या मिळाल्या आम्हाला.
रांग आली की भिंतीला चिकटायचं,
गेली की गुडघे टेकायचे, घण.
चिकटले असताना एक जण हातभर अंतरावरून गेला,
काचेआड तोंड नव्हतंच, नुसता काळा चकाकता गोल,
पण स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं त्याने.
मी पहार उचलली.

ट्रेमेन माझा, फुकटात बघायला
पार्किंगच्या नवव्या मजल्यावर चढलेला.
आई, तू मुंगीएवढी होतीस, म्हणाला. नारंगी मुंगी.
कोण जिंकलं तेही त्याने सांगितलं.
मी विसरले.

रात्रभर सगळं उपसलं.
सोमवारी पहाटे चार चाळीसची पहिली ट्राम,
चालवायला क्लॉडीन यारबरो.
फाटकापाशी तिने वेग एवढा उतरवला
की मला चाकाची कड खाचेत शिरताना ऐकू आली,
आपल्याच कुलपात किल्ली शिरावी तशी.
क्लॉडीनने घंटा दोनदा दिली. नियमात एकदाच आहे.
आत एकच बाई, नर्सच्या कपड्यात,
काचेला कपाळ टेकून गाढ झोपलेली.

खाचेत तळाशी एक नट सापडला, मुठीएवढा.
कुणाच्या चाकाचा, विचारायला कुणी उरलं नव्हतं.
आमच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटतं,
त्याला लावून ठेवलाय.

टायरांचे काळे पट्टे अजून रुळांवरून तिरपे गेलेले आहेत.
रस्तेखात्याचा माणूस म्हणाला, पुसून टाका.
रस्ता तुमचा, म्हटलं.
माझी फक्त खाच.