आधी हात

ओदातेच्या शाळेत मी नर्स आहे, एकोणीस वर्षं.
माझ्या खोलीत एक पलंग, एक वजनकाटा,
बर्फाचं छोटं कपाट
आणि एक वही, जिच्यात मी बोटं लिहून ठेवते:
करंगळी, डावी. मधलं, उजवं, पेर्‍यातून निखळलेलं.

मार्चमध्ये, मैदानाच्या कडेचा बर्फ काळा पडलेला असताना,
बेसबॉलच्या मुलांना ओळीत बसवून मी सांगते:
पायांना बूट असतात. हातांना काय असतं?
पाय पुढे टाकून घसरलात तर घोटा जाईल, वाईटच ते,
पण डोकं पुढे घालून गेलात
तर बेसवर आधी पोहोचतात उघडी बोटं
आणि त्यांच्यामागून तुमचं सगळं वजन.
मनगटात काजूच्या आकाराचं एक हाड आहे,
त्याला रक्त कमी मिळतं, म्हणून ते मोडलं की रुसतं,
कधीकधी कायमचं.
खिळ्यांचे बूट खाली बघून पडत नाहीत.
समोरच्याच्या गुडघ्याला तुमची मान दिसत नाही.
आणि पहिल्या बेसवर तर थांबायचीही सक्ती नाही,
धावत पार निघून जा,
अंग टाकलं की जमीन आपला वाटा कापून घेते.
शिमोदे सरांनी हे फळ्यावर गणित मांडून दाखवलंय.

मुलं "हो" म्हणतात,
एका सुरात, इतक्या मोठ्यानं
की मला कळतं, कुणी ऐकलेलं नाही.

जुलै. जिल्ह्याची दुसरी फेरी.
शेवटची इनिंग, दोन बाद, आम्ही सहा धावांनी मागे.
ओबाता सेइजीनं चेंडू मारला तो सरळ जमिनीवरून, दुसर्‍या बेसवाल्याच्या हातात.
तिथून तो पहिल्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये गेला
तेव्हा सेइजी चार पावलं लांब होता.
संपलं होतं.
संपल्यानंतर त्यानं उडी घेतली.

छाती, हनुवटी, दोन्ही हात.
धूळ खाली बसेपर्यंत बँडवाल्यांचे भोंगे तोंडालाच होते.
प्रेक्षकांत बायका रडायला लागल्या,
दरवर्षी शेवटच्या बादला कुणीतरी असं झेपावतं
आणि दरवर्षी त्या रडतात.
मी फक्त त्याचा डावा हात पाहिला:
त्यानं उजवा अंगठा मुठीत धरला होता,
घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसा.

त्याची आई देवदाराच्या पट्ट्या वाकवून डबे करते.
गरम पाण्यातून काढलेली पट्टी कुठे तडकणार
ते अंगठ्याला आधी कळतं, डोळ्याला नंतर.
एप्रिलपासून तो तिच्याशेजारी बसणार होता.
इस्पितळात ती ओरडली नाही.
"कुठला?" एवढंच विचारलं.
"उजवा."
मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली,
बराच वेळ, पर्स दोन्ही हातांत धरून.

एक्स-रेच्या बाहेर, बाकावर, मी चिडलेच होते.
चेंडू पोहोचला होता. सहा धावा होत्या. सांगितलं नव्हतं का मी?
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.
तो म्हणाला,
"धावत पार गेलो असतो
तर उभ्या उभ्या संपलं असतं."

माझ्या वहीत तारीख आहे, बोट आहे, बाजू आहे.
कारणाचा रकाना नाही.

ऑक्टोबरात तो खोलीत आला, टाक्यांवर गुलाबी रेघ.
मी त्याच्या अंगठ्यात आणि तर्जनीत
हजेरीचा कागद धरायला दिला
आणि ओढला.
अलगद आला माझ्याकडे.

त्यानं कागद परत घेतला,
बोटांत नीट बसवला.
"पुन्हा," म्हणाला.