वरून पडेल ते

आमच्या म्तेंदे गावामागे माती नाही.
पोवळ्याचा खडक आहे, एके काळचा समुद्राचा तळ.
त्याच्या भोकांत मुळं खुपसून झाडं उभी आहेत,
कुठे कंबरेइतकी, कुठे दोन पुरुष उंच.
अनवाणी चालाल तर पाय सोलून निघतील.
तो तिथेच राहतो.

पा नुंगा म्हणतो आम्ही त्याला.
मोठ्या करडाएवढा, तांबूस,
डोक्यावर शेंडीसारखा झुपका, ढुंगणावर पांढरा पट्टा,
आणि पायांवर ठिपके,
चुनाभट्टीतून पळून आल्यासारखे.
भट्टीतला चुना त्याच्याच रानाच्या लाकडांवर भाजतात
हे मला फार उशिरा सुचलं.

माझा बाप वुआई. सहा जाळी, चार कुत्री, हाका घालणारी पोरं.
त्यांत मी सगळ्यात धाकटा.
जाळ्यात सापडला की तो करडासारखा ओरडायचा.
आई रस्सा करायची,
चाखून मात्र कधी बघायची नाही.

बापाने शिकवलेलं आता मी पगारावर करतो.
गप्प बसायचं, माकडं कुठे आहेत ते ऐकायचं.
माकडं उधळी. अर्धं फळ खातात, अर्धं टाकतात.
हा खाली उभा,
वरून पडेल ते खातो:
फूल, कोवळं पान, दातांचे व्रण असलेली साल.
रान वाचवा असं कुणी म्हटलं की मला
आधी तो माकडाचा ढिला हात दिसतो.

सिकुजुआ नकाशा घेऊन आली.
मुख्य भूमीवरची बाई; तिच्या नावाचाच अर्थ
'मला माहीत नव्हतं'.
त्याचा मुलूख नकाशावर हिरवा केलेला.
आमच्या बेटावर थोडे शिंतोडे,
पाण्यापलीकडे केनियाच्या किनाऱ्याला एक ओघळ.
तिकडे बोनीच्या रानात तो बराच आहे म्हणे,
कॅमेरे लावल्यावर कळलं.
मी विचारलं, मग इथले गेले तर चालतील?
ती बराच वेळ नकाशाची घडी घालत राहिली.
घडी जुनी होती,
नेमकी आमच्या गावावर फाटलेली.

ठराव झालाय मशिदीच्या ओट्यावर:
कुत्री नाहीत, जाळी नाहीत,
दक्षिणेचं रान पाच वर्षं कुऱ्हाडीला बंद.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
चुलीला मान नसते.
हॉटेलांना कोळसा हवा,
माझ्या भाच्याला, उस्सीला, पोराची फी भरायचीय.

काल कॅमेऱ्याचं कार्ड काढलं.
सहा वाजून बावीस: तो.
डोळ्याखालची काळी रेघ काटकीला घासतोय,
मी इथे आहे, अशी त्याची सही.
सहा एकेचाळीस: रिकामी पायवाट.
सहा त्रेपन्न: कुत्रा, नाक त्याच काटकीला.
मागे माणसाचा पाय फक्त.
निळी चप्पल, अंगठ्याजवळ तारेने शिवलेली.
ती तार मीच ओवून दिली होती.

तक्ता भरायला बसलो.
पा नुंगा: एक. कुत्रा: एक.
'माणूस' या रकान्यात
आधी बापाचं नाव लिहिलं. खोडलं.
मग वाटलं, लिहावं, मला माहीत नव्हतं.
सिकुजुआला वाटलं असतं, तिचीच सही केलीय.

संध्याकाळी बहिणीकडून झाकलेली वाटी आली.
गरम आहे मामा, पोरगी म्हणाली आणि पळाली.

वाटी ओट्यावर आहे.
झाकण अजून काढलेलं नाही.
आत वाफेचं पाणी होऊन
थेंब थेंब खाली पडत असेल.