पुढच्या चाकाला

मागचा टायर मधोमध सपाट झाला होता.
गोल राहिला होता तो फक्त कडांना,
जिथं मी कधी फारशी झुकलेच नाही.
साक्री रोड सरळ आहे, मीही.
एका जागी रबर सोलून आतले धागे दिसायला लागले
तेव्हा ऑफिसातले देवरे म्हणाले, मॅडम, आता थांबू नका.

पाचकंदीलच्या मागे, भांड्यांच्या दुकानांमधून आत,
सादिक पिंजारीचं दुकान.
दाराला टांगलेले टायर, साडेत्रेचाळीस अंशांत
आपापला वास सोडत.
मी घरून तयारी करून गेलेले:
सातशे गुणिले पंचवीस, घडीचा हवा, तारेचा नको,
सव्वादोनशे ग्रॅमच्या आत.
कागदावर तीन नावं, दोन किमती, एक प्रश्नचिन्ह.
त्यानं कागद वाचला, काउंटरवर ठेवला.
पंख्यानं तो उडवला.
कुणी उचलला नाही.

"कोठे जातस तुम्ही?"
रविवारी लळिंगचा घाट. एरवी कुसुंब्यापर्यंत.
"कडेला काय शे?"
बाभळी.
"मंग ग्रॅम कसाले मोजतस?"

माझं चाक मांडीवर घेऊन
तो चिमट्यानं काटे उपसू लागला.
बाभळीचे चार, गोखरूचे दोन,
ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार एक.
स्टीलच्या वाटीत प्रत्येकाचा आवाज वेगळा.
तारेचा तर आलाच नाही.
"ही खरी," तो म्हणाला. माझ्यासाठी आता शुद्ध बोलत होता.
"महिनाभर आत शिरत राहते. तिला घाई नसते."

मग पुढ्यात टायर टाकले.
तेवीसचा: दिसायला देखणा,
पण वाटेतला एकेक खडा मनगटांना नावानिशी सांगेल.
अठ्ठावीसचा: पोटात जाड पट्टी, काट्याला दारातच अडवणारा.
मन त्याच्यावर बसलं, पण
माझ्या ब्रेकमधून तो जाईना.
पंचवीसचा त्यानं टाकला नाही, हातात दिला.
कडेवर बारीक अक्षरांत:
एका इंचात एकशेवीस धागे.

धागे म्हटल्यावर त्याचा हात थांबला.
आजोबा पिंजण खांद्यावर टाकून
शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार करायचे.
गादीतला कापूस दोन बोटांत ओढून सांगायचे,
जमीन काळी होती की मुरमाड.
सादिकनं टायरची बाजू तशीच दोन बोटांत धरली,
चोळली, डोळे मिटले.
"नायलॉन," म्हणाला. "याला जमीन नाही.
पण विणणारा बरा होता."

किंमत सत्तावीसशे पन्नास.
म्हटलं, एकच द्या.
"मग पुढे लावा."
अहो, फाटलाय तो मागचा.
"पुढचा काढून मागे घाला. नवा पुढे.
मागचा बसला तर घरी उशीर होतो.
पुढचा बसला तर"
आणि त्यानं हनुवटी वर केली.
जुना व्रण, तीन टाके.
"मोराणे फाटा," इतकंच बोलला.
शंभर रुपयेही कमी केले नाहीत.
पण नव्या ट्यूबला हातानं पावडर लावून दिली,
बाळाला लावतात तशी, मांडीच्या सांध्यात आधी.

रात्री गॅलरीत, अंगठे सोलून घेत, मी तो बसवला.
रविवारी पहाटे घाट चढताना
नव्या रबरावरचे बारीक केस डांबराला सरसरत होते,
आणि मनगटांना पहिल्यांदाच
कुणी काही सांगत नव्हतं.

किल्ल्याखाली थांबले, बाटली काढली,
तेव्हा दिसलं: कडेवरचा बाण मागे बघतोय.
उलटा लावलाय मी.

पिशवीत लीव्हर होते, पंप होता,
उजाडायलाही वेळ होता.
पण समोर उतार होता.

बाणाला म्हटलं, बघ बाबा तू मागे.
ट्रक आला तर सांग.