बर्फाच्या वहीतलं सैन्य

रुझारकडे नऊ हजार तिरंदाज, वटवाघळांवर बसलेले,
शिवाय तीन ज्वालासर्प.
माझ्याकडे चाळीस हजार, पण मिठाचे.
तो म्हणायचा, एक सर आली की तुझं राज्य आमटीत.

देवबागची जमीन अशी की इकडे थुंकलं तर समुद्रात,
तिकडे थुंकलं तर कर्लीच्या खाडीत.
समुद्र त्याचा, खाडी माझी.
मधल्या वाळूत, सुरूंच्या खाली,
कुबलांच्या बर्फ कारखान्याची जुनी वही:
डावीकडे लाद्या, उजवीकडे उधारी,
आणि मागच्या कोऱ्या बाजूंवर
आम्ही दोघे सेनापती.

भांडण रोज एकच:
एक सर्प म्हणजे किती माणसं?
तो म्हणे सातशे.
मी म्हणे, उपाशी असेल तर सत्तर.
लिलावात ठरतं ना, एका सुरमईला किती बांगडे,
तसंच, ओरडून, बोटं नाचवून,
शेवटी एक जण कंटाळतो आणि तोच भाव.

एकदा त्याची आई, आंतोनेत,
जाळ्यातून कुर्ल्या सोडवता सोडवता म्हणाली,
"नऊ हजारांक भात कोण रांधतलो रे?"

रुझार गप्प.
मग हिशोब मांडला. माणशी पाव किलो,
एका वेळची पंचेचाळीस पोती.
अख्ख्या गावात मिळून नसतील.
त्याने पेन्सिल उलटी धरून एक शून्य खोडलं.

मिठाचे जेवत नाहीत,
हे मला त्याच क्षणी सुचलं होतं.
बोललो नाही. लढाईसाठी राखून ठेवलं.

लढाई चतुर्थीनंतरच्या ओहोटीला ठरलेली.
चतुर्थीनंतर त्याच्या बापाने होडी विकली
(का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही)
आणि ते सगळे मडगावला गेले, मामाकडे.
वही माझ्याकडे राहिली.

आता त्या सुरूंना लाइफजॅकेटं वाळत घालतात.
वहीची पानं खाऱ्या हवेने फुगलीत,
उधारी वाचता येत नाही,
सैन्य येतं.

परवा त्याचा फोन आला, बत्तीस वर्षांनी.
आई गेल्याचं सांगितलं.
मी काय बोललो ते आठवत नाही.
बराच वेळ नुसता वारा, त्याच्याकडचा की माझ्याकडचा.
मग म्हणाला,
"सर्प तीनच होते ना रे? ते खोडले नव्हते?"

नाही, म्हटलं. आहेत.
उपाशी आहेत.