वीतभर तार

गावभागात मगदूम वहिनींच्या पुढच्या खोलीत
भिंतीवर पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत.
नव्या माणसाला वाटतं, पोरांची उंची मोजलीय.
वरची रेघ माझ्याही डोक्यावरून जाते.
एवढं उंच पोर या घरात कधी नव्हतं.
नदी होती, पाच दिवस.

मला बोलावलं प्रिंटरसाठी.
वहिनी कोर्टाची कागदं टाइप करतात,
प्रतिज्ञापत्रं, हक्कसोडपत्रं, वारसाचे अर्ज,
पानाला वीस रुपये, घाईचं असलं तर तीस.
प्रिंटर जुना, अंगानं थोराड.
पहिल्या पुरात दोघा भाच्यांनी
जिन्यावरनं बाळंतिणीसारखा वर नेला,
तो माडीवरच राहिला.
पाठीला एकच तोंड, तारेचं.
हवेतलं काही ऐकू येत नाही त्याला.
राऊटर खाली, मधे भिंतीत नळी, नळीत तार,
आणि परवापासून तार मुकी.

आधी मी सरळ वाटेनं गेलो. तार धरली, ओढली.
हातभर आली, अडली. जोर लावला,
तर नळीच्या तोंडातून भुरुभुरु गाळ सांडला,
वाळलेला, मऊ, चाळल्यासारखा.
वहिनींनी लगेच केरसुणी आणली नाही.
चिमटीत घेऊन हुंगला.
‘भिंत फोडायची नाही हां आता.
दोनदा फोडून झालीय.’

मग मी पिशवीतनं अडॅप्टर काढला.
काडेपेटीहून जरासा मोठा.
सोळाशे म्हटल्यावर
वहिनी म्हणाल्या, ‘ऐंशी पानं.’

काय करतो हा, विचारलं त्यांनी.
म्हटलं, जतकडचा कानडी साक्षीदार आला
की कोर्टात एक माणूस उभा करतात ना,
ह्या कानानं ऐकायचं, त्या भाषेत सांगायचं,
पदरचं काही घालायचं नाही. तोच हा.
‘ते घालतात पदरचं,’ वहिनी म्हणाल्या,
‘मी टाइप केलंय.’

लॅपटॉपला डबी लावली. नेटवर्क शोधलं.
शेजाऱ्यांची सहा सापडली, घरचं सातवं, अशक्त.
‘पासवर्ड?’
‘साडेसहाफूट. सगळं जोडून, इंग्रजी अक्षरात.’
मी रेघेकडं बघितलं नाही.

दिवा लाल. मग पिवळा. मग परत लाल.
डबी खिडकीत नेली, कपाटावर नेली,
पलंगाखाली सुद्धा धरून पाहिली.
शेवटी जिन्याच्या तोंडाशी,
पार्श्वनाथांच्या तसबिरीशेजारच्या फळीवर
हिरवा लागला आणि टिकला.
वहिनींनी फळी पुसून दिली.
प्रिंटर ढकलत तिथवर आणला.
डबीतून त्याच्या पाठीत तार गेली, वीतभर.
खट्.

त्यानं घसा साफ केल्यासारखा आवाज काढला
आणि स्वतःच्या तब्येतीचा एक कागद दिला.
त्यात एक ओळ : जोडणी – तारेची.
वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवून वाचली.
‘खोटं लिहितंय.’
‘खोटं नाही वहिनी, त्याला तेवढंच माहीत आहे.
तार पाठीत घुसली, खूण पटली.
ती पुढं वीतभरावर संपते
हे त्याला कोण सांगायला गेलंय?
त्याच्या लेखी ती भिंतीतनंच खाली उतरते,
पहिल्यासारखी.’

तीन दिवस अडलेली पानं मग धाड धाड सुटली.
मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की,
मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की.
वहिनी गरम पानं मांडीवर ठोकून
कडा जुळवत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.
पुण्याहून मुलगा. रोज याच वेळेला असतो म्हणे,
कोयनेतून पाणी सोडलं की.

येताना मी घाट बघून आलो होतो.
चार पायऱ्या उघड्या होत्या,
चौथी ओली.

‘नाही रे,’ वहिनी म्हणाल्या,
‘सात दिसतायत. जेवलास का?’

प्रिंटर थांबला.
मी जुनी तार कोपरावर गुंडाळायला घेतली.
हातात आली तेवढीच.
बाकीची अजून भिंतीत आहे.